टिफिनमधली जेली

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत एक सायंटिस्ट राहतो. घोडबंदर रोडच्या एका लॅबमध्ये तो बोरॉनिक अ‍ॅसिडपासून आपोआप जुळणारी जेली बनवतो. टिफिनच्या वरच्या डब्यात भाजी, खालच्यात जेली. लिफ्टमध्ये भेटला की 'कशा आहात' वगैरे नाही, थेट "कापू?" विचारतो आणि प्लास्टिकच्या सुरीने गोळ्याचे दोन तुकडे करतो. "आता बघा हां, रेणू एकमेकांचा हात धरणार. धरा रे, धरा!" खरंच धरतात. तोवर आपला मजला निघून गेलेला असतो.

गेल्या महिन्यात त्याने माझी आणि समोरच्या काकूंची बेल एकदमच वाजवली. चपलांच्या रॅकवरून आमचं आठ महिने बोलणं बंद होतं, पण याला त्याचा पत्ताच नाही. एकेक तुकडा आमच्या हातावर ठेवून म्हणाला, "चिकटवून धरा. पाच मिनिटं हलायचं नाही."

विज्ञानापुढे काय बोलणार? तळहाताला तळहात लावून आम्ही दारात उभ्या राहिलो. दुसऱ्या मिनिटाला काकू पुटपुटल्या, "बारीक झालीस गं." मी म्हटलं, "तुमचा गुडघा कसाय?"

तुकडे काही जुळले नाहीत, उलट पाघळले. मी शिरा करताना साखरेच्या हातानेच बाहेर आलेले. "अहो, साखर दिसली की रेणू एकमेकांना सोडून तिचा हात धरतात!" तो रडकुंडीला आला.

प्रयोगाच्या वहीत त्याने लिहिलंय म्हणे, 'काहीच जुळलं नाही.' हे मला काकूंनीच सांगितलं, परवा आमच्याकडे शिरा खाताना.