सहा इंच वर चढलेली गाडी

गॅरेजच्या वर घर असलं की किस्से गोळा करायला जावं लागत नाही, ते जिन्यावरून आपोआप वर येतात. माझ्याकडे इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मध्ये तोंड घालतो.

तर, रियाधच्या कडेला अल सुलै नावाचं गॅरेजांचं नगर. तिथं राहायचा रत्नागिरीचा युसूफ, त्याची बायको नजमा, लेक सना आणि मी, युसूफची आई. युसूफ पिकअप उंच करायचा. स्प्रिंगा बदलून दांडगी गाडी सहा इंच वर चढवायची, म्हणजे वाळूत तिचं पोट घासत नाही. त्याला म्हणतात लिफ्ट किट. आमचा कफील खालिद, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा तो मालक, त्याला या कामाचा भरवसा नव्हता. म्हणाला, "रमजानपर्यंत बघतो. नाही जमलं तर खलास, सगळे घरी." आणि सनाची दहावी तोंडावर!

*

पहिलीच गाडी. युसूफनं दोन दिवस खपून पुढच्या स्प्रिंगा बसवल्या, जॅक काढला, तर गाडी एका बाजूला कललेली. पायात काटा रुतलेल्या माणसासारखी.

सनानं वाकून स्प्रिंगेवरचं लेबल वाचलं. "दादी, इट सेज ड्रायव्हर साइड."

"मग? उजवीकडेच लावलीय," युसूफ म्हणाला.

मी म्हटलं, "बाबा, इथला ड्रायव्हर बसतो कुठं?"

तो डावीकडच्या स्टिअरिंगकडे बघत राहिला. रत्नागिरी सोडून नऊ वर्षं झाली, हात मात्र अजून तिथंच.

*

युसूफचा जोडीदार गुल खान, पेशावरचा पठाण. नट हवा तेवढा आवळला की टक् करणारा पाना युसूफनं आणला. खान हसला. "यह खिलौना है, युसूफ भाई. मेरा हाथ काफ़ी है."

त्या हातानं बोल्टचं डोकंच तुटून आलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन खाली गेले, तर खान गाडीखाली. आवाज आला, टक्.

"काय रे खान?"

"चाचीजी, बोल्ट कमज़ोर था."

टक्.

*

तिसऱ्या गाडीला मोठे टायरही चढवले. दोघं ती बाहेर काढायला गेले तर टप शटरला अडलं! आत आली तेव्हा ती बुटकी होती, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. टायरची हवा काढली, तरी दोन बोटं कमी पडली.

तेवढ्यात असरची, दुपारनंतरची, नमाज सुटली. युसूफनं मशिदीच्या दाराशी हाक दिली. वीस माणसं मागच्या हौद्यात वाकून बसली, गाडी दबली आणि अलगद बाहेर आली.

त्यातला एक बंगाली काही उतरेना. "भाईजान, अब घर तक छोड़ दो."

*

रमजानला चार दिवस होते. खालिदनं स्वतःची गाडी उंच करून घेतली आणि आपल्या आईला, उम्म खालिदला, घेऊन आला. "आईला रोज शेतावर न्यावं लागतं. तिला चढता आलं नाही तर हे काम बंद."

गाडीत बसायची जागा म्हातारीच्या छातीशी.

मी पुढे झाले. आम्ही खाडीत होडीवर चढायचो ती रीत तिला हातवाऱ्यांनी दाखवली. एक पाय टायरवर, हात दांडीला, खाली बघायचं नाही. मी मागून रेटलं. ती चढली आणि तिनं मलाही वर ओढून घेतलं.

वरून तिला भिंतीपलीकडचं सगळं दिसायला लागलं. बाई खूश. "तो तुझा मुलगा?" तिनं विचारलं.

मोडक्यातोडक्या अरबीत मी सांगितलं, होय, त्याचा इकामा, इथं राहायचा परवाना, संपत आलाय, तुझा मुलगा काय ठरवतो ठाऊक नाही.

तिनं काच खाली केली. "खालिद, याचा इकामा कर. आत्ता."

"आई, आधी उतर तर."

"आधी इकामा."

हल्ली सगळं फोनवरच होतं. खालिदनं बोटं फिरवली. जरा वेळानं युसूफच्या फोनवर मेसेज आला. त्यानं तो वाचला आणि जिन्याकडे तोंड करून ओरडला, "इकामा वाढला!" नजमा जिन्यातच रडायला लागली.

वर उम्म खालिद माझ्याकडे वळली.

"बाई, आणखी काही हवंय का? मी अजून उतरले नाहीये."