संजाची मात्रा

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तुला का सांगतोय, तेही मला नीट कळत नाही, गड्या.

टीव्हीवर कुस्त्या लागतात, त्याआधीची धून तू ऐकलीयस. ती न ऐकलेला माणूस सातारा-सांगलीत सापडायचा नाही. पोरांच्या मोबाईलवर तीच, वरातीत बेंजोवर तीच. हलगी कडाडत येते, मध्येच एक मात्रा रिकामी जाते — आणि मग जो ठोका पडतो, त्यानं अंगावर काटा येतो. संगीतकार म्हणून खाली माझं नाव असतं.

त्या रिकाम्या मात्रेचं लय कौतुक झालं. मुलाखतीत विचारलं, ही सुचली कशी? म्हणालो, औंधच्या डोंगरावर फिरताना. किती सहज आली थाप तोंडात —

आमचं गाव औंधच्या बाजूचंच. यात्रेच्या मैदानात मारुतीतात्या हलगी वाजवायचे. त्यांचा मुलगा संजा पैलवान. आमच्याकडं हलगीवाला कुस्ती बघून वाजवतो. हात कधी चढवायचा, ते त्याला पैलवानाच्या अंगावरून कळतं. संजा खाली सापडला, की उसळायच्या आधी एक श्वास धरायचा. तेवढ्यापुरता तात्या हात थांबवायचे. संजा उठला की ठोका. बापलेकाचं ते आपसातलं होतं. पुढं संजा मोटारसायकलच्या अपघातात गेला. तात्या वाजवत राहिले — कुस्ती कुणाचीही असो, ती मात्रा सोडूनच.

तेच मी फोनवर भरून घेतलं. तात्यांनी विचारलं, "कशाला रं?" म्हटलं, असंच, आठवण म्हणून. कुस्त्यांच्या धूनेचं चॅनेलचं काम तेव्हा माझ्या हातात आलेलं होतं. मग ते 'असंच' कसं? पुढं चॅनेलवाल्यांनी विचारलंही — हा ठेका कुणाचा? तात्यांचं नाव घ्यायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, माझा.

गावानं माझा सत्कार ठेवला. हलगीला तात्याच. कुणीतरी मागून म्हणालं, "तात्या, टीव्हीवरची वाजवा की." तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. पण त्यांनी विस्तवावर हलगी शेकली अन् वाजवायला घेतली. ती मात्रा आली, हात थांबला — नेहमीपेक्षा जास्त थांबला. मग ठोका पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तात्या स्टेजजवळ आले. जन्मभर मला 'अरं पोरा' म्हणणारा माणूस, हात जोडून म्हणाला, "साहेब, जमली का तुमच्यासारखी?"

माईक माझ्या हातात होता. सगळं गाव ऐकत होतं. तेवढं एक वाक्य — तेव्हा तरी बोलता आलं नसतं का?

मी म्हणालो, "जमली, तात्या. फक्त मधे जरा जास्त थांबलात."

"व्हय," ते म्हणाले. "चुकलं." अन् खाली जाऊन बसले.

पुढच्या यात्रेला मी मैदानात होतो. एक पैलवान खाली सापडला, दम धरून उसळला. तात्यांचा हात थांबला नाही. त्यांनी हलगी सलग वाजवली.