मामींचं अंगण

मोकळी जागा बघण्याची दृष्टी देवाने आमच्या मामांना दिलीच नव्हती. तुम्हा-आम्हाला जिथे गवत आणि म्हशी दिसतात, तिथे त्यांना शटरं दिसायची. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. अंबरनाथ ते बदलापूर पट्ट्यातली निम्मी दुकानं आपणच बांधली असं ते सांगत, आणि उरलेली निम्मी लोकांनी आपल्याला न विचारता बांधली याचं त्यांना मनापासून दुःख होतं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "जावईबापू, या हॉलच्या पुढच्या अंगाला सहा गाळे सहज निघतात." अक्षता त्यांच्या मुठीत तशाच राहिल्या होत्या.

उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या बिजागऱ्यांच्या दुकानात त्यांनी उमेदवारी केली आणि तिथून उठून ते अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांना गाळे बांधून देण्यापर्यंत पोचले. राहायची घरं मात्र त्यांनी कधी बांधली नाहीत. "घरवाला दार लावून बसतो, दुकानवाला दार उघडून बसतो," असं त्यांचं म्हणणं. आपण बांधलेल्या प्रत्येक दुकानातलं पहिलं गिऱ्हाईक आपणच, हा त्यांचा नेम. त्यामुळे घरात शाळेची सात दप्तरं, नवरदेवाचे दोन फेटे, कंबरदुखीचे पट्टे आणि मोरिवलीजवळच्या एका कारखान्यातून आणलेला बॉयलरचा व्हॉल्व्ह एवढा ऐवज जमला होता. मूलबाळ नव्हतं. मामी दप्तरांत डाळी भरून ठेवत.

मामी वांगणीकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, अंगण. राहत होत्या शॉपिंग सेंटरच्या चौथ्या मजल्यावर. गच्चीत वाळत घातलेले पापड वाऱ्याने उडून खालच्या मोबाईलवाल्याच्या बोर्डावर जाऊन बसत. मामांनी त्यांच्या घरासाठी बदलापुरात दोनदा प्लॉट घेतला, आणि दोन्ही वेळा समोरचा रस्ता रुंद झाला नि प्लॉटवर मामांचं मार्केट उभं राहिलं. "पुढच्या खेपेला नक्की," मामा म्हणायचे. मामी कधी भांडल्या नाहीत. पण मग त्यांच्या किडन्या गेल्या. एकदा डायलिसिसहून परतताना गाडी मी चालवत होतो, मागच्या सीटवरून मामी शांतपणे मामांना म्हणाल्या, "अहो, माझ्या तेराव्याची पानं तरी अंगणात मांडाल ना?"

त्याच आठवड्यात मामांनी बारवी धरणाच्या रस्त्याला जागा घेतली आणि रोज उन्हात उभं राहून पाच महिन्यांत बैठं घर बांधून काढलं. मामी तिथे एकोणीस दिवस राहिल्या. सकाळी अंगणात खुर्ची मांडून घेत, मामांनाही शेजारी बसवत. मामा बसत, लगेच फोन येई आणि ते उठत. एकोणिसाव्या सकाळी ते फोन संपवून वळले, तर मामींची मान खुर्चीतच कलली होती.

तेराव्याची पानं अंगणातच मांडली. वाढायला मामा स्वतः होते. कुणाला काय वाढलं याचं त्यांना भान नव्हतं.

ते आता घर विकून टाकतील असं आम्हाला वाटलं होतं. विकलं नाही. धंदा पुतण्याकडे सोपवून ते तिथेच राहतात. परवा गेलो, तर धोतर खोचून वाफे करत बसले होते. हात मातीने भरलेले, आळी वाकडीतिकडी.

"हिनं माहेरून भेंडीचं बी आणून ठेवलं होतं," ते म्हणाले. "भेंडी यायला किती दिवस लागतात हो, जावईबापू?"

मी बघायला खिशातून फोन काढला.

"दीडेक महिना लागतो म्हणे," ते स्वतःशीच म्हणाले. मग आळ्याकडे बघत, अगदी हळू, "थांबतो मी."