गालानं घ्यायची बंदूक

"तुमचा गाल कुठं हाय?"

दुकानात पहिलं पाऊल ठेवलं तेव्हा हे वाक्य कानावर पडलं. काउंटरपलीकडचे एक म्हातारे गृहस्थ समोरच्या धिप्पाड शेतकऱ्याला विचारत होते. शेतकऱ्यानं गोंधळून स्वतःच्या गालावर हात ठेवला.

"हा काय, इथंच."

"तिथं न्हाई, दस्त्यावर पायजे. बंदूक गालानं घ्यायची असती, डोळ्यानं न्हाई. मिटा डोळे."

त्या माणसानं लहान मुलासारखे डोळे मिटले. मग सांगितल्याप्रमाणे रिकामी बंदूक खांद्याला लावली, लाकडी दस्त्यावर गाल टेकवला आणि डोळे उघडले.

"आता काय दिसून राहिलं?"

"माशी." म्हणजे नळीच्या टोकावरचा तो पितळी मणी.

"फकस्त माशी?"

"माशी, अन् नळीची सगळी पाठ बी दिसती की."

"मग ही तुमची न्हाई. दस्ता तुमाला उंच पडतो. ठेवा खाली, दुसरी काढतो."

मी दाराशीच उभी राहिले. आत जायचं की परत जायचं, ते ठरेना. तेवढ्यात त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. "ये बेटा. तुला बंदूक न्हाई दाखवत, भिऊ नको. तुझं कम्प्युटर तिकडं हाय."

हिंगोलीत बंदुकांचं एक दुकान आहे, हेच मला नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. परवान्याचे अर्ज हल्ली ऑनलाइन भरावे लागतात. दुकानाच्या मालकांना, म्हणजे शेठना, त्यासाठी इंग्रजी येणारं कुणीतरी हवं होतं आणि माझ्या वडिलांना मी घरातून बाहेर पडायला हवी होते. नांदेडच्या इंग्रजी शाळेत आणि मग तिथल्याच कॉलेजात शिकून आलेली मी, घरी आल्यापासून आल्यागेल्याला पाणी देऊन आत पळायची. दुकानात पळायला आत जागा नव्हती. कोपऱ्यात माझं टेबल, समोर त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं कामाचं बाक.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. ते बंदुकांचे मिस्त्री, त्यांचे वडीलही मिस्त्रीच होते. आता चाचा वारंगा फाट्याला लेकीकडं राहतात. पण मी तिथं काम करत होते त्या दोन वर्षांत दुकान म्हणजे चाचाच होते. शेठ फक्त गल्ल्यावर बसत.

आमच्याकडं येणारी बहुतेक गिऱ्हाइकं शेतीसंरक्षणाचा परवाना असलेली. ज्वारी दाण्यात आली की पोपट आणि भोरड्यांचे थवे उतरतात. हवेत एक बार काढला की ते उठतात, पुढच्याच्या शेतात जातात आणि तो पुढचा आमच्या दुकानात येतो. अशा माणसाला परवडणारी बंदूक म्हणजे जुनी दुनळी, दोन नळ्या शेजारी शेजारी असलेली.

"पूर्वी ह्या पाखरं मारायला बनल्या, म्हणून हलक्या," चाचा सांगत. "आता पाखरं उठवायला चालतात. बंदुकीची बी बढती झाली म्हणायची."

एखादा हळू आवाजात तितराचं नाव काढायचाच. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. कायद्याबाहेरचं काही विचारायचं असलं की तो आधी काउंटरवर रेलतो. चाचा त्याच्याइतकेच रेलून, त्याच्याइतक्याच हळू आवाजात म्हणायचे, "तितर पायजे? थांबा." आणि तोंडापुढं ओंजळ धरून असा काही तितर बोलवायचे की रस्त्यावरची माणसं थांबून आत डोकवायची. "घ्या. फुकट हाय. याच्यापुढचा तितर पायजे असंल तर जेल बी फुकट हाय."

स्वस्त दुनळी कशी निवडावी यावर त्यांचं एक प्रवचन ठरलेलं होतं. नक्षीला भुलायचं नाही, "नक्षीनं पोपट उडत न्हाई." काळ्याभोर पॉलिशला तर मुळीच नाही, "म्हातारा केस काळे करून आला तर आधी गुडघे बघावं." गुडघे म्हणजे सांधा. बंदूक सांध्याशी मोडून उघडत, नळ्या जिथं बसतात तिथं ते पतंगाच्या कागदाची चिंधी ठेवत, बंदूक मिटत आणि चिंधी ओढून बघत. सुटून आली तर सांधा सैल. फाटली तर पक्का. मग काडतुसाचं घर मोजायचं. जुन्या बंदुका अडीच इंची काडतुसाच्या, बाजारात मिळतं ते पावणेतीन इंची. ते जुनीत घालायचं नाही. मी एकदा पावणेतीन म्हणजे तीनाच्या थोडं पुढं असं समजून यादी केली. चाचांनी यादी वाचली, खडूनं बाकावर तीन रेघा काढल्या आणि तिसरीचा पाव भाग बोटानं पुसून टाकला. "हे पावणेतीन. तुमच्या शाळेत पुसत न्हाईत का काही?"

सगळ्यात शेवटी नळ्यांचा आवाज. दोन्ही नळ्या मधल्या पट्टीला कथील वितळवून, डाख देऊन जोडलेल्या असतात. चाचा त्या दस्त्यापासून वेगळ्या करत, खालच्या आकड्यात बोट अडकवून लोंबत्या धरत आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारत. डाख धड असेल तर देवळातल्या घंटेसारखी 'टण्ण' घुमते. कुठं डाख सुटला असेल तर बद्द वाजते. बाजारात माठ घेताना आपण करतो तेच. माठ फुटका निघाला तर पाणी सांडतं. नळ्यांच्या मध्ये पाणी शिरलं तर दिसत नाही, आतून पोखरत राहतं.

टिचकी मारली की चाचा माझ्याकडं बघायचे.

सुरुवातीला मला वाटलं, मी काम सोडून तिकडं बघते म्हणून बघतात. मग वाटलं, मला शिकवू पाहतायत. कुणी बघितलं की चेहरा कोरा करायची मला शाळेपासूनची सवय. मराठी नीट बोलता येत नाही म्हणून इकडचे हसायचे, इंग्रजी बोलताना गावचा सूर लागतो म्हणून तिकडचे. तेव्हा चाचांनी माझ्याकडं बघितलं की मी चेहऱ्यावरचं सगळं आवरून ठेवायची.

डोंगरकड्याच्या एका शेतकऱ्यानं घेतलेली दुनळी दीड महिन्यात परत आली. मधली पट्टी उचलली होती, हलवली की खुळखुळायची. कुणाला इजा झाली नव्हती, पण तो दुकानाच्या पायरीवर उभा राहून मोठ्यानं बोलला, आणि हिंगोलीत पायरीवर बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळीकडं पोचतं.

"चाचा, हे तुमच्या हातून कसं सुटलं?" शेठनी विचारलं.

"माणूस हाय, शेठ. सुटतं."

"माणूस आहात म्हणूनच म्हणतो. नांदेडला एक मिस्त्री आहे. अजून एक अशी आली तर त्याला बोलवतो. तुम्ही आराम करा. चाळीस वर्षं झाली."

"आराम करून काय करू? घरी बंदूक न्हाई एक बी," चाचा म्हणाले. शेठ हसले. चाचांनी मात्र तेलाच्या फडक्याची घडी केली, उलगडली, परत घडी केली.

मला ती बंदूक आठवत होती. तिची टिचकी बद्द वाजली होती. मी कपाळाला आठी घातली होती, चाचांची नजर आली आणि मी ती आठी पुसून टाकली होती.

त्या दुपारी मी त्यांच्या पाठीमागून हाक मारली, "चाचा, चहा आलाय." ते कानस चालवत राहिले. मी परत म्हटलं. मग चहाचा पेला त्यांच्यापुढं ठेवला तेव्हा ते दचकून म्हणाले, "अरे, हाक तरी मारायची!"

चाळीस वर्षं कानांजवळच बंदुकांची चाचणी करून चाचांचे कान गेले होते. समोरासमोर बोलणाऱ्याचे ओठ ते वाचत, म्हणूनच कधी गिऱ्हाइकाला पाठ करून बसत नसत, आणि म्हणूनच गिऱ्हाइकानं तोंडावर रुमाल बांधलेला असला की "आधी चेहरा दाखवा, मग बंदूक" म्हणत. सगळ्यांना तो विनोद वाटायचा. आणि नळ्यांचा आवाज ते माझ्या तोंडावर ऐकत होते.

मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनाही नाही. फक्त चेहरा आवरणं सोडून दिलं. टण्ण वाजली की थोडं हसू येऊ द्यायचं, बद्द वाजली की आंबट चिंच खाल्ल्यासारखं तोंड. काही दिवसांत आमचा जम बसला. चाचा टिचकी मारत, बघत आणि गिऱ्हाइकाकडं वळून गंभीरपणे म्हणत, "हिच्यात काहीतरी हाय," किंवा "बराबर. डोळे मिटून घ्या." माझ्या तोंडाकडं इतकं लक्ष देऊन आजवर कुणीच बघितलं नव्हतं, आरशात मीसुद्धा नाही.

एकदा माझी दाढ दुखत होती. चाचांनी एक उत्तम दुनळी टिचकी मारून बाजूला ठेवली. "न्हाई, ही न्हाई." गिऱ्हाईक म्हणालं, "काहून? चांगली घुमली की." चाचांनी परत माझ्याकडं बघितलं. मी सुजलेला गाल धरून जमेल तितकं हसले. चाचांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवून भुवया उंचावल्या. मी मान हलवली. "घ्या, घ्या," ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "बंदुकीला काही झालं न्हाई. दुकानातल्या लोकांची तब्येत ठीक न्हाई." संध्याकाळी त्यांनी माझ्या टेबलावर लवंगांची पुडी ठेवली.

हल्ली लेकीनं त्यांना कानाचं मशीन घेऊन दिलंय म्हणे. ते घरी काढून ठेवतात. वारंगा फाट्याला त्यातून फक्त ट्रक ऐकू येतात, अशी त्यांची तक्रार आहे.

पण मला आठवते ती कनेरगाव नाक्याच्या काकूंची दुपार. परवाना त्यांच्या स्वतःच्या नावावर होता, अर्ज मीच भरला होता. पायात रबरी बूट, हातात स्कूटीची किल्ली. शेठ त्या दिवशी गल्ला सोडून काउंटरशी येऊन उभे राहिले होते. "आज मी स्वतः बघणार," ते म्हणाले, आणि काकूंपुढं एक काळीभोर पॉलिश केलेली दुनळी ठेवली. ती त्यांनी आदल्याच आठवड्यात कुणाकडून तरी घेतली होती.

"तुमचा गाल कुठं हाय, ताई?"

"गालाचं काय घेऊन बसलात, चाचा? पोपटानं माझी सगळी ज्वारी खाल्ली," काकू म्हणाल्या, पण डोळे मिटले. बंदूक त्यांना अशी बसली की चाचाही खूश झाले. "ताई, ही तुमच्या मापानं शिवलेली हाय." पतंगाचा कागद फाटला. काडतुसाचं घर पावणेतीन. किंमतही काकूंच्या बेतातली. त्यांनी पर्स उघडून परवाना बाहेर काढलासुद्धा.

मग चाचांनी नळ्या बोटाला लोंबत्या धरल्या आणि टिचकी मारली.

बद्द.

मी तोंड केलं. पण माझ्या आणि चाचांच्या मध्ये शेठची रुंद पाठ होती. चाचा डावीकडं झुकले. शेठ, त्यांना काय बघायचंय म्हणून, त्यांच्याबरोबर डावीकडं झुकले. चाचा उजवीकडं आले, शेठही आले. चाचांनी परत टिचकी मारली. परत बद्द.

"काय म्हणते?" शेठनी विचारलं. त्यांना बंदुकांची किंमत कळायची, आवाज नाही.

चाचा नळ्यांकडं बघत होते. 'चांगली' म्हणावं तर काकू ती घेऊन जाणार होत्या आणि एक दिवस ती परत येणार होती, किंवा त्याहून वाईट काही होणार होतं. 'वाईट' म्हणावं तर कशावरून, हे शेठ विचारणार होते. मी जागेवरून "बद्द वाजतेय" म्हटलं असतं तर शेठनी विचारलं असतं, पोरीला ऐकू येतं ते तुम्हाला का नाही? आणि चाचांना ते ऐकूच गेलं नसतं.

दोन वर्षांत मी त्या दुकानात 'हो', 'नाही', 'सही करा' आणि 'चहा आलाय' याच्या पलीकडं फारसं बोलले नव्हते. मी खुर्ची मागं सारली, टेबलाला वळसा घातला आणि शेठच्या बाजूनं पुढं जाऊन काउंटरशी उभी राहिले, जिथं चाचांना माझे ओठ दिसत होते. तिघंही माझ्याकडं बघायला लागले. मी चेहरा आवरला नाही. एकेक शब्द सुटा करत, दुकानाबाहेरही जाईल एवढ्या आवाजात मी म्हटलं,

"शेठ, चाचांनी मला शिकवलंय, नळी अशी बद्द वाजली की डाख सुटलेला असतो आणि बंदूक गिऱ्हाइकाला द्यायची नसते. हो ना चाचा? काकूंना दुसरी काढू?"