दगूनानांचा मंगळवार

दर मंगळवारी दगूनाना लासलगावहून एसटीने नाशकात येत, मूत्रविकाराच्या एका डॉक्टरांकडे नंबर लावत आणि एमआरआयच्या फिल्मची पिशवी मांडीवर घेऊन बसत. उपचार त्यांचे दुसरीकडे चालले होते. इथे नंबर आला की ते आत जात, फिल्म उजेडाच्या पेटीवर लावत आणि म्हणत, "डाक्टर, बोट ठेवा." बाहेर बसलेल्या पेशंटांना वाद ऐकू जाऊ नये म्हणून डॉक्टर मुकाट्याने काळ्या डागावर बोट ठेवीत. "हां. येतो पुढच्या मंगळवारी," म्हणून नाना निघत. कंपाउंडरने एकदा हटकलं, तर म्हणाले, "नंबर लावलाय बाबा. भांडाया नाय आलो."

जन्मभर त्यांनी बाजार समितीत एका व्यापाऱ्यासाठी कांदा पारखला. ट्रॅक्टर लिलावाला लागला की नानांचा हात कोपरापर्यंत ढिगात. "वरचा थर समदेच चांगला लावतेत. माल आतून बघावा," हे ते कुणालाही ऐकवीत. स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मात्र त्यांनी डॉक्टरांवर भरवसा टाकला.

आधी रक्तात पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या विकाराची चाहूल देणारा आकडा, वाढलेला निघाला. याच डॉक्टरांनी बोटाने तपासलं, "वयाची सूज आहे" म्हणाले. मग मागच्या बाजूने सुया घालून प्रोस्टेटचे तुकडे काढले. त्यांत काही सापडलं नाही. पीएसए चढतच राहिला. नानांनी विचारलं, "एमआरआय काढायचा का?" डॉक्टर खो खो हसले. "काका, तुम्ही कांदे बघा, प्रोस्टेट मी बघतो."

नाना थेट आमच्या एमआरआय सेंटरवर आले. मी तिथे तंत्रज्ञ. मान वर न करता म्हणालो, "डॉक्टरांची चिठ्ठी आणा." नियमच आहे तसा. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली नाही. आठ महिन्यांनी नाना गावातल्या डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आले आणि स्क्रीनवर मला तो डाग दिसला: ग्रंथीच्या पुढच्या अंगाला, जिथे बोट पोचत नाही आणि मागून घातलेली सुईही सहसा पोचत नाही. शेजारच्या हाडातही तो उतरला होता. पुढे त्या डागावर नेमकी सुई धरून तुकडा काढला, तेव्हा कॅन्सर पक्का झाला.

फिल्म न्यायला आले तेव्हा मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. नानांनी फिल्म उजेडाला धरली. "म्हंजी माल पुढून सडला, आन् हे मागून चाचपत बसले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् तू मला दारातून माघारी धाडलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या डॉक्टरांचा मला आजही इतका राग का येतो, ते मी ओळखून आहे.

"नाना, तक्रार करा," मी म्हटलं.

"तिथं वकील बोलंल. मला ह्याच्या तोंडून पायजे. चुकलं म्हन, बास."

वर्षभर डॉक्टरांनी बोट ठेवलं, पण तो शब्द काही काढला नाही. शेवटी नानांना अंथरुणावरून उठवेना. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी उशाची पिशवी माझ्या हातात दिली. "तुला माफ नाय केलं मी. माझ्यामागं मंगळवार तू धर."

दहाव्यानंतरच्या मंगळवारी मी नानांच्या नावाने नंबर लावला. नाव पुकारलं तसा आत गेलो आणि फिल्म पेटीवर लावली. मी काही बोलायच्या आतच डॉक्टरांचं बोट डागावर गेलं.

"गेले का?" त्यांनी विचारलं.

"गेले."

बोट तिथेच राहिलं. "चुकलं माझं," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले.

नाना ज्या शब्दासाठी वर्षभर एसटीचे धक्के खात आले, तो मला पहिल्याच दिवशी मिळाला. माझं डोकं भणभणलं. जिवंत माणसाला सांगताना काय जीभ झडली असती यांची? मी फिल्म काढून पिशवीत घातली.

"येतो पुढच्या मंगळवारी," म्हणालो.