भाकरीच्या परातीत लॅपलँडचं सोनं

२००६ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण डोळ्यांनी बघितलेलं मला नीट सांगता येतं, म्हणून लिहितो.

नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावात माझा मुलगा सुनील इंजिनिअर आहे. त्या उन्हाळ्यात मी तीन महिने त्याच्याकडे होतो. जुलैत त्याने कॅम्पर भाड्याने आणला. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली. त्यात शेगडी, फ्रिज, झोपायला फळ्या, आणि हो, संडासही. सूनबाई मेधाने डब्यांत ज्वारीचं पीठ, पोहे आणि माझी कांदा-लसूण चटणी भरली. भाकरीसाठी स्टीलची परात घेतली. या परातीचं काम पुढे येणार आहे.

निघताना यान नावाचे शेजारी निरोप द्यायला आले. माझ्याच वयाचा उंच, वाळकुडा माणूस. तुझे वडील काय काम करायचे, असं त्यांनी सुनीलला विचारलं.

सुनील म्हणाला, "ज्वेलरी बिझनेस."

एवढं इंग्रजी मला कळतं. गाडी हायवेला लागेपर्यंत मी थांबलो. मग विचारलं, "सुन्या, माझं दुकान कुठल्या गल्लीत होतं रे?"

"अप्पा, आता झारेकरी त्यांना कसं सांगणार? त्यांच्याकडे शब्दच नाही."

"त्यांच्याकडे शब्द नाही, का तुझ्याकडे तोंड नाही?"

मेधाने मागून विचारलं, "चहा कोण घेणार?"

झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीची राख आणि मोरीतला गाळ विकत घेऊन, तो धुऊन त्यातलं सोनं काढणारा. कोल्हापूरच्या गुजरीत, सोनारांच्या पेठेत, मी हे पन्नास वर्षं केलं. सुनीलचं इंजिनिअरिंग त्याच गाळातून निघालं. मी मनाशी ठरवलं की हा प्रवास संपायच्या आत यानसमोर याच्या तोंडून तो शब्द काढायचा. नाही निघाला तर पुन्हा या देशात पाऊल टाकायचं नाही.

जर्मनी एका दिवसात मागे पडलं. मग समुद्र आला. तिथे गाडी बोटीच्या पोटात घालतात आणि माणसं वर जाऊन कॉफी पितात. डेन्मार्क पटकन संपलं आणि समुद्रावरच्या लांबलचक पुलावरून आम्ही स्वीडनमध्ये शिरलो. स्वीडन म्हणजे झाडं. आज झाडं, उद्या झाडं, मध्येच एखादं तळं आणि तांबड्या रंगाचं लाकडी घर.

दुसऱ्या दिवशी एका मुक्कामाच्या तळावर संडासाची पेटी रिकामी करायची वेळ आली. गाडीच्या बाजूला झाकण असतं. तिथून पेटी ओढायची आणि ठरलेल्या जागी नेऊन ओतायची. सुनील नाकाला रुमाल बांधून, हात लांब धरून निघाला. मी खुर्ची टाकून हसत बघत बसलो.

"काय झालं हसायला?" तो म्हणाला.

"काही नाही. तुझ्या शाळेत पालकांना बोलावलं, की माझ्या हातांना गाळाचा वास येतो म्हणून तू आईला पाठवायचास. आता तुझ्या हातात बघ काय आहे."

परत येऊन त्याने तीन वेळा हात धुतले.

जसं उत्तरेला जावं तशी झाडं बुटकी होत गेली. फिनलँडमध्ये शिरल्यावर रस्त्यावर रेनडिअर दिसू लागले. हरणासारखं जनावर, पण चाल आपल्या गावच्या म्हशींची. हॉर्नला मोजत नाहीत. एका ठिकाणी दूध घातलेलं माशाचं सूप मिळालं. मऊ, गोडसर आणि मिळमिळीत. मी त्यात चमचाभर चटणी टाकली आणि बशी पुसून खाल्लं. हॉटेलवाल्याने चटणीचा वास घेतला, बोटाने चाटून बघितली आणि आत जाऊन बराच वेळ पाणी पीत राहिला.

सहाव्या दिवशी सोन्याचं गाव आलं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी इकडच्या नदीत सोनं सापडलं आणि माणसं सामान ओढत, बर्फ तुडवत इथे आली. त्यांची लाकडी खोपटी अजून उभी आहेत. आत काळे पडलेले फोटो. दाढीवाले लोक ओढ्यात गुडघाभर पाण्यात वाकून उभे. मी एका फोटोपुढे बराच वेळ थांबलो. माणसं अनोळखी होती, पण त्या पाठी माझ्या ओळखीच्या होत्या.

तिथे पाहुण्यांनाही वाळू धुऊ देतात. शिकवायला आयला नावाची पन्नाशीची बाई होती. कमी बोलणारी. तिने सगळ्यांना प्लॅस्टिकचं ताट आणि फावडाभर वाळू दिली. पहिल्या धुण्यात एका जर्मन बाईला कण मिळाला, मेधाला मिळाला, सुनीललाही मिळाला. माझं ताट कोरडं.

"अप्पा, चालायचंच," सुनील म्हणाला. "इथली वाळू वेगळी असते."

पन्नास वर्षं गाळ धुतलेले हात असे कसे खोटे ठरतील? मी हात नाकाशी नेले आणि कळलं. डासांसाठी सुनीलने सकाळी माझ्या हातांना तेल चोळलं होतं. तेलकट हाताने सोनं धुतलं तर बारीक कण बुडत नाही. तो तरंगतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. गुजरीत हे पहिल्या दिवशी शिकवतात.

मी गाडीतून परात आणली. ओल्या वाळूने परात आणि हात कोपरापर्यंत घासले. मग आयलाला खुणेने म्हटलं, सगळ्यांनी धुऊन टाकलेली वाळू दे. सुनील म्हणाला, "अप्पा, ती वाया गेलेली आहे."

"मी जन्मभर वाया गेलेलंच धुतलं."

परात पाण्यात फिरवायची, पुढे कलती करायची, हलकं पाण्याला द्यायचं, जड स्वतःकडे ठेवायचं. डास चावत होते, चावू दिले. तासाभराने परातीच्या कडेला सात कण बसले होते. आयला शेजारी उकिडवी बसली होती. तिने माझे हात धरून उलटेपालटे करून बघितले आणि सुनीलला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?"

"विचारते, तुम्ही कुठल्या नदीवर काम केलं."

"सांग, सोनाराच्या मोरीवर."

त्याने सांगितलं की नाही, कुणास ठाऊक. ती हसली मात्र खूप. तिने सात कण काचेच्या बाटलीत पाणी घालून दिले.

परतीला तिसऱ्या दिवशी मी ती बाटली उघडून बघत होतो. मेधा म्हणाली होती, "अप्पा, चालत्या गाडीत नको." पुढे रेनडिअर आडवा आला, सुनीलने ब्रेक मारला आणि बाटली फरशीवर फुटली.

काचा मी हाताने वेचल्या. सुनील म्हणाला, "जाऊ द्या. घरी व्हॅक्युम करू."

"या गाडीत व्हॅक्युम लावणाऱ्याशी मी बोलणार नाही."

पुढचे तीन दिवस मी केर काढू दिला नाही. चपला दारात काढायला लावल्या. पोह्यांचे कण, वाळू, केस, सगळं जागच्या जागी. मेधा पाय उचलून उचलून चालायची आणि म्हणायची, "मी खजिन्यावर भाकऱ्या थापतेय."

संध्याकाळी बेस्टला पोचलो. गाडी दुसऱ्या दिवशी अकराला द्यायची होती, तीसुद्धा बेझेमस्खोन (झाडून स्वच्छ केलेली). म्हटलं, झाडायचं काम माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅम्पर कोपऱ्याकोपऱ्यातून झाडला, चटई चादरीवर झटकली आणि सगळा केर परातीत घेतला. सुनील म्हणाला, "अप्पा, मागच्या अंगणात बसा."

"उजेड पुढे आहे."

मी पुढच्या दारात बसून धुवायला लागलो. यान सायकल ढकलत आले, थांबले आणि सुनीलला काहीतरी विचारलं. सुनील थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. मग त्यांच्या भाषेत बोलायला लागला. एक शब्द मात्र आपला होता. झारेकरी. तो त्याने दोनदा म्हटला आणि पुढे बराच वेळ समजावून सांगत होता. यानांनी सायकल भिंतीला लावली, चष्मा पुसला आणि ते वाकून परातीत बघू लागले.

सहा कण निघाले.

"सहा पुरे की," सुनील म्हणाला.

"सातवा तू काढ. आधी हात साबणाने धू."

तो धुऊन आला, मांडी घालून बसला आणि परात फिरवू लागला. हात अडखळत होते, पण कलती बरोबर करत होता. लहानपणी दारातून चोरून बघत असणार. सातवा कण कडेला आला, तो मला आधी दिसला. मी तोंडावर हात ठेवला आणि त्याला दिसेपर्यंत गप्प बसलो.