अण्णांच्या चेहऱ्याचा रंग

अण्णांचा फोटो आज माझ्याकडून चुकला.
तोही त्यांच्याच श्रद्धांजलीच्या बॅनरवरचा.

काल संध्याकाळी आमचे बसवराजअण्णा गेले. मुरुममधल्या आमच्या फोटो स्टुडिओचे मालक. माझे बॉस म्हणा, गुरू म्हणा, रोज भांडायला हक्काचं माणूस म्हणा.

दुपारी अण्णांची माती होती. त्याआधी बॅनर हवा, म्हणून सकाळीच शटर उघडलं. स्क्रीनवर बघत फोटो नीट केला, तिथं छान दिसत होता. सॅम्पल प्रिंट काढली, तर चेहरा काजळी फासल्यासारखा.

अण्णांचे मेहुणे शेजारीच उभे होते. म्हणाले, "लई काळं आलंय की. गोरं करा जरा."

माझा हात माऊसवर गेलासुद्धा.

मग लक्षात आलं. अण्णा दवाखान्यात असताना कुणीतरी ब्राइटनेस फुल्ल करून ठेवला होता. फसवत होती ती स्क्रीन. प्रिंट खरं बोलत होती.

अण्णा असते तर ओरडले असते. "आधी यंत्र लाव. मग माणसाच्या तोंडाला हात लाव!"

यंत्र म्हणजे स्क्रीनचे रंग खरे करणारं त्यांचं लाडकं कॅलिब्रेटर. माऊसएवढं. ते स्क्रीनवर लटकवायचं, ट्यूबलाइट बंद करायची, आणि समोर लाल, हिरवे, निळे, राखाडी चौकोन येत-जात राहायचे.

गिऱ्हाईक विचारायचं, "काय अण्णा, टीव्हीचं बीपी बघताय का?"
अण्णा एकदम गंभीर. "व्हय. जरा वाढलंय."

आज मी यंत्र लावलं. रडत रडत लावलं, खोटं कशाला बोलू.

स्क्रीन मंद झाली. प्रिंटवरचा तोच काळवंडलेला चेहरा आता तिथंही दिसायला लागला. मग हळूहळू उजळवत नेला. कपाळ दिसलं. नाकावरचे चष्म्याचे वळ दिसले. आमचे सावळे अण्णा समोर आले, आणि मी थांबले.

मेहुणे म्हणाले, "अजून थोडं करा की. चारचौघांत बरं दिसंल."

त्यांच्याशी वाद घालायचं त्राण नव्हतं. नवी प्रिंट घेऊन सरळ अण्णांच्या घरी गेले, काकूंपुढं धरली. मेहुणे मागोमाग आलेच. अण्णांच्या बायकोनं हो म्हटलं तरच छापायचं, असं ठरवलं होतं.

काकूंनी फोटोतल्या गालावरून बोट फिरवलं.

"आता हात लावू नको ह्याला," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या वक्ताला ह्यांच्या घरच्यांनी फोटो गोरा करून धाडला होता. हे मला बघायला आले, आन् चहा घ्यायच्या आधीच म्हणाले, 'फोटोवर जाऊ नका. मी ह्याच्याहून लई सावळा हाय.' मी आत हुते. तिथंच आईला म्हणलं, मला ह्योच माणूस पायजे."

मेहुणे डोळे पुसत बाहेर गेले.

अण्णा, होतात तसंच छापलंय तुम्हाला.
निवांत जा.